आंब्याची लाकडं आणि ह्युबर्टचा टर्की

मुक्काम तीच आपली वाडी, तालुका मालवण
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

चि. सौ. सावित्री हिला,

बाबूदादाचे आशीर्वाद. हे आशीर्वाद मी स्वतःच्या हाताने, पडवीतल्या बाकावर बसून, पूर्ण शुद्धीत आणि जिवंतपणी लिहीत आहे. अक्षर नीट बघून घे. (आमच्या चिरंजीवांनी, सर्वेशने, लिहून दिलं असेल असा संशय आला तर कागदाच्या मागे माझी तिकीट तपासनीसाची जुनी सही करून ठेवली आहे, ती आजवर कुणाला जमलेली नाही.) मेव्हण्यांचा रक्तदाब कसा आहे? तुमच्याकडे मोहर टिकला का? आणि तुझा गुडघा? गुडघ्याची मी खास चौकशी करतो, कारण तो फार चमत्कारिक गुडघा आहे. भावाच्या पंचाहत्तरीच्या जेवणाला बोलावलं की तो सुजतो, आणि भाऊ मेला असं कानावर आलं की तो जामसंड्याच्या स्टँडवर धावत जातो. रविवारी तू आचऱ्याच्या तिठ्यापर्यंत आली होतीस आणि मी जिवंत आहे हे कळल्यावर तिथूनच परत फिरलीस, हे मला ठाऊक आहे. ते मला लागलं आहे. पण त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी इथे काय घडलं ते सगळं वाच, म्हणजे चूक कुणाची ते तुझं तू ठरव.

फोन का केला नाही असं म्हणशील. फोन नम्रता लावून देते. सून म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नाही, पण फोन लावून दिल्यावर ती तिथेच तांदूळ निवडत बसते. तांदळात खडे नसले तरी निवडते. शिवाय या प्रकरणात तुझाही हात आहे असा मला संशय आहे, आणि संशयितांना एकमेकांसमोर बोलू द्यायचं नसतं.

तुला माहीत आहे, एसटीत तिकिटं तपासण्यात माझा जन्म गेला. गाडीत चढल्यावर मी तिकिटं बघायचो नाही, तोंडं बघायचो. एक खिडकीबाहेर बघणारा, दुसरा झोपेचं सोंग घेणारा, आणि तिसरा आपल्याकडे बघून उगाच हसणारा. हा तिसरा नक्की बिनतिकिटी. तर नाताळ उलटल्यावर मी मालवणला डॉक्टरकडे रक्त दाखवायला गेलो. हा डॉक्टर गेली कित्येक वर्षं मला मीठ कमी, तेल कमी, मटण बंद, सुकं मासं तर बघूसुद्धा नका, असं सांगत आला. या खेपेला त्याने कागद वाचला, चष्मा काढला आणि गोड आवाजात म्हणाला, काका, आता सगळं खा. हे 'आता' मी रिक्षात घरापर्यंत चघळत आलो. सगळं खा असं कुणाला सांगतात ते आपल्याला माहीत आहे. आपल्या आबांना सांगितलं होतं, आणि आबांनी त्यानंतर एकदाच सुरमई खाल्ली. रिपोर्टचा कागद सर्वेशने खिशात घातला आणि माझ्याकडे बघून हसला. घरी आल्यावर नम्रता हसली. तुझी वहिनी हसली. त्या दिवसापासून या घरात सगळे माझ्याकडे बघून हसतात.

दुसऱ्या दिवसापासून ह्युबर्ट रोज यायला लागला. ह्युबर्टला तू ओळखतेस, वरच्या पाणंदीतला, माझ्याबरोबर शाळेत होता तो. त्याच्याकडे एक टर्की कोंबडा होता. आपल्याकडच्या चार कोंबड्यांएवढा एक, गळ्याला लाल कातडी लोंबतेय, आणि चालणं असं की गाव त्याचाच. ह्युबर्टच्या आजोळी गोव्यात जुन्या काळी गावच्या अधिकाऱ्याला रेजिदोर म्हणत, म्हणून त्याने याचं नाव रेजिदोर ठेवलं होतं. हा रेजिदोर मला बघितला की अंगावर यायचा. पोस्टमन चालतो, भटजी चालतो, कुत्रासुद्धा चालतो, मी चालत नाही. (माझा खाकी शर्ट त्याला आवडत नसावा. बिनतिकिटी प्रवाशांनाही आवडत नसे.) तर ह्युबर्ट एरवी आला की पडवीत बसून माझ्याशी बोलतो. आता मला ओलांडून तो सर्वेशबरोबर गोठ्याच्या मागे जायला लागला. मी रेजिदोर कसा आहे असं नुसतं विचारलं, तर त्याने डोळे फिरवले आणि हळू आवाजात 'बरो आसा' म्हणाला. खिडकीबाहेर बघणारा प्रवासी.

मी गोठ्याच्या मागे जाऊन बघितलं. जांभ्या चिऱ्यांचं एक बांधकाम चाललं होतं. तीन बाजू बंद, एका बाजूला पत्र्याचं झाकण, वर धूर जायला भोक, आत आडवी लोखंडी जाळी. हे काय, म्हटलं. सर्वेश म्हणाला, पाहुण्यांच्या न्हाणीला पाणी तापवायला चूल. (त्याने पुण्याची नोकरी सोडून आपल्या घरापुढच्या खळ्यात पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या, ते तुला माहीत आहेच.) पण पाणी तापवायला जाळी कशाला? ती मी हाताने मोजली. लांबी मला जरा कमी पडत होती, पण पाय दुमडले तर बसलो असतो.

मग सामान यायला लागलं. आधी बांबू आले आणि काथ्याचा दोर आला. मांडवाला, असं सांगितलं. कसला मांडव ते सांगितलं नाही. मग नम्रता बाजारातून आली, तेव्हा तिच्या पिशवीतून मांजरपाटाच्या पांढऱ्या कापडाचं टोक डोकावत होतं. ती आत गेल्यावर मी पिशवी तपासली (सवय). पांढरं कोरं कापड, तुपाचा डबा आणि कुंभाराकडचं नवं कोरं मडकं! सावित्री, तू सांग, पांढरं कापड, तूप आणि मडकं एकाच पिशवीतून कधी आणतात? मी सगळं होतं तसं परत पिशवीत ठेवलं. त्याच संध्याकाळी ह्युबर्ट मालवणच्या धक्क्यावरून मासळीवाल्यांचा बर्फ घेऊन आला, भुश्यात गुंडाळलेल्या मोठ्या लाद्या. तो न्हाणीत एका पिंपात टाकला, झाकण घातलं आणि वर पाटा ठेवला. बर्फ कुणाला लागतो? मुंबईची माणसं येईपर्यंत ज्याला ठेवायचं असतं त्याला. इतका पुढचा विचार माझ्या मुलाने त्याच्या नोकरीचाही कधी केला नव्हता.

तरीसुद्धा मी मनाला समजावत होतो. पण शुक्रवारी बाबली कुऱ्हाड घेऊन आला. आपल्या वाडीत लाकूडफाटा बाबलीच तोडतो, आणि आंब्याला कुऱ्हाड लागली की कोण गेलं असं विचारायची सुद्धा गरज पडत नाही. लोक नुसते चपला घालतात. वादळात विहिरीवरच्या रायवळ आंब्याची जी फांदी मोडून पडली होती, ती तो तोडत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याने मला बघितलं आणि कुऱ्हाड खाली ठेवून डोक्याचा रुमाल काढला. जिवंत माणसासमोर बाबली कधी रुमाल काढत नाही. काय रे, कुणासाठी, असं विचारलं, तर म्हणाला, "काका, माका काय इचारू नकात. गाजावाजा करूचो नाय म्हणान सांगल्यानी हा." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मात्र माझी खात्री पटली.

खोटं सांगत नाही, मी घाबरलो. पण घाबरण्यापेक्षा मला राग आला. मरायला माझी हरकत नाही, सगळेच मरतात. पण ज्याचा प्रवास त्याला नको का सांगायला? रिझर्वेशन केलं, गाडी लागली, सामान चढवलं, आणि प्रवाशालाच पत्ता नाही! मी तुझ्या वहिनीला एकटीला गाठून म्हटलं, आनंदी, मला सगळं कळलंय, तू मनाची तयारी कर. तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ही बाई माझ्यासाठी रडेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तशी ती उठून माजघरात पळाली. (ती हसत होती. हे मला रविवारी कळलं. याचा हिशेब वेगळा होणार आहे.)

शनिवारी मी आवराआवर केली. बाबलीला माझी सावंतवाडीहून आणलेली लांब दांड्याची छत्री दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि घेताना पुन्हा रुमाल काढला. ह्युबर्टला म्हटलं, तुझ्या देवळात माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव. तो बिचारा गोंधळला आणि हो म्हणाला. मग तुला फोन लावावासा वाटला. नम्रताने लावून दिला, तू उचललास, आणि मी काही बोलायच्या आधीच तू म्हणालीस, दादा, गुडघा फार दुखतोय रे, नाहीतर आले असते. कशाला आली असतीस ते मी विचारलं नाही. मला वाटलं तुलाही सांगितलंय, आणि तरीही तू येत नाहीस. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

रविवारी उजाडताच गोठ्यामागे धूर दिसला. मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, तुळशीचं एक पान तोडून तोंडात ठेवलं (ऐन वेळी कुणाच्या लक्षात राहील याची खात्री नव्हती) आणि खाटेवर हात जोडून उताणा पडलो. पडून पडून पाठ अवघडली, पण मरण काही येईना. आला तो वास. आंब्याच्या लाकडाचा गोडसर धूर, त्यात तूप, त्यात मिरी, त्यात भाजणाऱ्या चरबीचा एक असा खमंग पदर की तोंडातलं तुळशीचं पान ओलं झालं. मी मनात म्हटलं, हा काही न्हाणीचा वास नाही. पण उठलो नाही. माणसाने एकदा पडायचं ठरवलं की शिस्त पाळावी.

तेवढ्यात खळ्यात पावलं वाजली. खिडकीच्या फटीतून बघतो तर वाडी येत होती. प्रत्येकाच्या खांद्यावर आंब्याचं एक लाकूड. आपल्याकडे कोणी गेलं की घरटी एक लाकूड येतं ना, तसं. बाबलीने गाजावाजा न करता प्रत्येक घरी जाऊन कानात सांगितलं होतं. माणसं येत होती, लाकूड हळूच खाली ठेवत होती आणि मान खाली घालून उभी राहत होती. शिरोड्याचा आपला चुलत भाऊ, जो आईच्या बाराव्यालासुद्धा उशिरा आला होता, तो सगळ्यांत आधी हजर! खळ्यात बांबू बघितले, मागे धूर बघितला, आणि लोकांत कुजबुज सुरू झाली की यांनी वाडीची वाटसुद्धा बघितली नाही, घरामागेच पेटवला की काय. तेवढ्यात सर्वेश मागून आला. तोंडाला काजळी, धुराने डोळे लालभडक. बघून कुणालाही दया यावी. त्याला वाटलं लोक जेवायला लवकर आले. तो सगळ्यांना हात जोडून म्हणाला, "येवा, बसा. होत इलो. मांडयेत सुई घालून बघितलंय, आत अजून कच्चो आसा."

सावित्री, ज्यांनी टोप्या घातल्या होत्या त्यांनी त्या काढल्या.

मग सीताकाकूने टाहो फोडला. खालच्या घरातली सीताकाकू, जी आमच्यामधल्या दगडी गडग्यावरून फणस पलीकडे पडला की आमच्या सात पिढ्या काढते. तिने जमिनीवर हात आपटून सुरुवात केली, "गेलो गो माझो बाबू! असो माणूस वाडीत परत होवचो नाय गो!" मी पडल्या पडल्या कान टवकारले. माझ्यासारखा सरळ माणूस नाही, माझ्यासारखा शेजारी नाही, मी कधी कुणाच्या पानातलं घेतलं नाही, मी होतो म्हणून वाडीला आधार होता. हे सगळं ती इतकी वर्षं पोटात ठेवून फणसावरून भांडत होती! मला अजून ऐकायचं होतं. पण तिने मध्येच 'वायच संशयी होतो, पण...' असं म्हटलं आणि मला राहवलं नाही. मी उठलो, तसाच पडवीत आलो आणि विचारलं, संशयी म्हणजे काय?

जे झालं ते लिहिता येत नाही. शिरोड्याचा भाऊ गडग्यावरून पलीकडे गेला. (त्याला दमा आहे असं तो सांगतो. मला पटत नाही.) बाबलीने छत्री पाठीमागे लपवली. आणि सीताकाकू, जिचे अश्रू अजून गालांवर होते, उठून माझ्या अंगावर आली. "मेल्या, तू मरूक नाय तर आधी सांगाक काय झाला तुका? इतक्या बरा बोललंय मी!" तिने मघाशी बोललेला एकेक शब्द परत घेतला, फणसासकट.

मग सर्वेश, नम्रता आणि ह्युबर्ट यांना समोर उभं करून मी चौकशी केली. हकिगत अशी. ह्युबर्टने रेजिदोरला नाताळसाठी वाढवलं होतं, पण गोव्याचं गिऱ्हाईक आयत्या वेळी फिरलं. सर्वेशच्या खोल्यांत उतरलेल्या कुणा पाहुण्याने सांगितलं होतं की परदेशात आख्खा टर्की धुरावर शिजवतात, तुम्ही इथे केलंत तर लोक गाड्या काढून येतील. म्हणून आधी घरच्यांवर प्रयोग, आणि घरच्यांत पहिला मान माझा. कारण रविवारी माझा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. मला कसं कळणार? शाळेत गुरुजींनी सगळ्या पोरांचा लावला तसा माझाही वाढदिवस एक जूनला लावला. खरी तिथी आई सांगायची, आणि आता ती जगात फक्त तुला माहीत आहे. म्हणजे नम्रताला ती तूच दिलीस. तुझा हात आहे असं मी वर लिहिलं, ते उगाच नाही.

बर्फ होता तो मिठाच्या पाण्याला. गूळ, मिरी, तमालपत्र घातलेल्या मिठाच्या पाण्यात रेजिदोर रात्रभर बुडवून ठेवायचा, आणि ते पाणी गार राहायला हवं, नाहीतर मांस बिघडतं. पांढरं कापड तुपात भिजवून त्याच्या छातीवर पांघरायचं, म्हणजे मांड्या शिजेपर्यंत छाती सुकत नाही. मडक्यात करवंट्यांचे निखारे, कारण मडकं आच धरून ठेवतं. ते एका कोपऱ्यात आणि कोंबडा दुसऱ्या कोपऱ्यात, आगीवर नव्हे, आगीच्या शेजारी. वरून थोडं थोडं आंब्याचं लाकूड, ज्वाळा न होता नुसता धूर निघेल इतकंच. मी म्हटलं, आंबाच कशाला? रान काजूने भरलंय. तर ह्युबर्ट म्हणाला की काजूच्या धुराने डोळे जातात आणि मांस कडू होतं. लाकूड गोड धुराचं हवं, आणि आपल्याकडे गोड धूर आंब्याचाच. मी विचारलं, ह्युबर्ट, या गावात जन्म काढलास, आंब्याला कुऱ्हाड लावण्याचा अर्थ तुला माहीत नाही? तो म्हणाला, माहीत आहे, पण मी कोंबड्याचा विचार करत होतो.

आता नवाच घोळ झाला. रेजिदोर तयार झाला, काळपट तांबूस, चकचकीत, पाय बांधलेले, खळ्यात पानावर आणून ठेवला. पण लोक हात लावेनात. मयताला आलेल्या माणसाने त्या घरी आंघोळीशिवाय जेवायचं नसतं. मयतच झालं नाही तर आंघोळ लागते का? दोन्हीकडून जोरात बोलणी झाली. शेवटी भटजींना फोन लावला. त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितलं की माणूस जिवंत आहे पण लाकूड आलेलं आहे, तेव्हा पाय धुवा. विहिरीवर रांग लागली. मी तिथे उभं राहून एकेकाचे पाय तपासले.

जेवणाचं खरं सांगू? कातडी कुरकुरीत, मांडीचं मांस लोण्यासारखं, धुराची चव जिभेवर राहणारी. मांडी मी एकट्याने खाल्ली. रेजिदोरने माझ्यामागे धावून धावून जे पाय कमावले होते ते असे माझ्या कामी आले. पण छाती कापडाला न जुमानता सुकली, आणि वाडीतल्या बायकांनी चघळून चघळून निकाल दिला की कोरडो आसा. सर्वेशचं तोंड उतरलं. मग नम्रताने छातीचे तुकडे केले, भाजून वाटलेल्या खोबऱ्याचं वाटप लावलं, रस्सा उकळला आणि वडे तळले. धुराची चव असलेला तो रस्सा इतका संपला की सीताकाकूने टोप पुसून घेतला. पुसता पुसता तिने मला शंभर वर्षं जगशील असं म्हटलं. तिच्या मनात काय होतं ते कळलं नाही.

सगळी हसत होती, पोटभर जेवत होती, आणि तेवढ्यात नम्रता फोन ठेवून आली. तिने तुला गाठलं होतं, आचऱ्याच्या तिठ्यावर. मामंजी जिवंत आहेत असं सांगितल्यावर तू एकदाच विचारलंस, खरंच? आणि मग म्हणालीस, आता परत जाते, येईन कधीतरी. सावित्री, माझ्या हातातला वडा हातात राहिला. शिरोड्याहून तो दमेकरी आला. जे कधी खळ्यात पाय ठेवत नाहीत ते लाकूड घेऊन आले. तू एकटी, जिला माझी तिथी माहीत आहे, अर्ध्या वाटेवरून परत गेलीस, कारण मी मेलो नाही! म्हणजे तुला बोलवायचं तर मला करायचं काय ते सांग. मी बरा आहे. तुम्ही सुखरूप असाल. मेव्हण्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा दादा,
बाबू

ता. क. बाबली छत्री परत देत नाही. म्हणतो, दिलेली वस्तू घेतली तर दोष लागतो, आणि तुम्ही मेल्यावर ती माझीच होती. तुझं त्याच्यावर वजन आहे, एक शब्द टाक.

आणखी एक. रिपोर्टचा कागद मी सर्वेशच्या खिशातून काढून ह्युबर्टकडून वाचून घेतला. सगळं चांगलं आहे म्हणे. पण वाचताना त्याने चष्मा पुसला.

हे राहिलंच. टर्कीला फांदीची चार ढलपीसुद्धा पुरी लागली नाहीत. वाडीने आणलेली लाकडं तशीच उरली आहेत, आणि मयतासाठी आणलेलं लाकूड परत घरी न्यायचं नसतं, चुलीतही घालायचं नसतं. सर्वेशने त्यावर आणखी टर्की करायचं म्हटलं, तर ह्युबर्टसुद्धा नको म्हणाला. नम्रताने ती मांगराच्या छपराखाली नीट रचली आणि वर ताडपत्री घातली. कशाला, असं विचारलं, तर म्हणाली, असू देत, लागतात. मी रोज जाऊन मोजतो. कमी झालेली नाहीत.

शेवटचं. बुधवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं आहे. पत्र टाकायला गेलो तर देवगड गाडीचा कंडक्टर भेटला, माझ्या हाताखाली तयार झालेला. त्याने सांगितलं की रविवारी जामसंड्याला एक म्हातारी चढली. पायांत दोन वेगळ्या चपला, हातात नुसता फोन, पिशवी नाही, पैशांचा बटवा नाही, आणि आचरा येईपर्यंत 'माझो दादा, माझो दादा' करून अशी रडत होती की त्याला तिकीट मागायला तोंडच झालं नाही. तशाच चपलांनी हसऱ्या लोकांसमोर यायची लाज वाटली, म्हणून परत गेलीस होय? आधी सांगायचंस. पण माझ्या सख्ख्या बहिणीने, बायकांना अर्धं तिकीट असताना, तेवढंसुद्धा न काढता प्रवास केला, ही गोष्ट मी सोडणार नाही. याची चौकशी पोस्टाने होत नाही, समक्ष हजर राहावं लागतं. लाकडांना घाई नाही, मला आहे. या खेपेला रडत येऊ नकोस. तिकीट काढून ये.